गट नंबर निघाला? हार्दिक अभिनंदन!

आधी तोंड गोड करा. मूळ आखणीत पवनारपासून पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटर, वर्ध्यापासून सिंधुदुर्गापर्यंत बारा जिल्हे, आणि एवढ्या अफाट मुलखात नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाची रेघ बरोबर तुमच्या विहिरीवरून गेली. योग लागतो त्याला. तुमच्या आज्यानं पाणी लागलं म्हणून जिथं नारळ फोडला, नेमकी तीच जागा संगणकावर आखणी करणाऱ्या साहेबालाही पसंत पडावी, हा काही साधा योगायोग नाही. कालपर्यंत तुम्ही नुसते शेतकरी होता, आजपासून बाधित आहात. या नव्या हुद्द्याला शोभेल असं कसं वागायचं, कुठं काय बोलायचं आणि मुख्य म्हणजे काय बोलायचं नाही, हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नसणार. म्हणून हे चार शब्द.

पहिली गोष्ट, बातमी आपल्याला उशिरा कळली म्हणून रुसू नका. अशा बातम्यांनाही मानपान असतो. ती आधी जमिनीच्या दलालाला कळते, मग त्याच्या ओळखीच्या पुढाऱ्याला कळते, आणि हे दोघं आखणीच्या आसपासचे तुकडे शोधून दमले की पेपरच्या आतल्या पानावर बारीक टायपात तुमचा गट नंबर छापून येतो. चष्मा लावून वाचा. तेवढ्यानंही दिसलं नाही तर तलाठ्याला विचारा. सरकारनं त्यांचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी केलं आहे, पण उत्तर पूर्वीचंच मिळेल: ‘आमच्याकडं अजून काही आलेलं नाही.’

आता येते मुख्य शिकवण. ‘हा रस्ता कशाला?’ हा प्रश्न चुकूनही विचारायचा नाही. विचारायचा प्रश्न एकच, ‘दर काय?’ दर विचारलात की तुम्ही समंजस, प्रगतिशील, काळाची पावलं ओळखणारे. कशाला विचारलंत की तुमच्या मागे कोण आहे याची चौकशी सुरू होते. २०१३च्या केंद्राच्या भूसंपादन कायद्यात गावावर काय परिणाम होईल याचा अभ्यास करा, लोकांना विचारा, अशी बरीच कटकट लिहून ठेवलेली आहे. पण महामार्गाची जमीन घ्यायला राज्याचा १९५५चा महामार्ग कायदा हाताशी असताना त्या अभ्यासाच्या नादी कोण लागतो? तेव्हा सुनावणीला बोलावलं तर न्हाऊन-धुऊन जा, हरकतीचा अर्ज द्या, पोच घ्या, ती पोच जपून ठेवा. नातवंडांना दाखवायला उपयोगी पडते.

ग्रामसभेनं विरोधाचा ठराव केला असेल तर त्याचीही एक प्रत जवळ असू द्या. ठराव कुठं जातो हे विचारणं अडाणीपणाचं लक्षण. तुम्हाला विश्वासात घेतल्याशिवाय एक इंचही पुढं जाणार नाही, असं प्रत्येक व्यासपीठावरून सांगितलं जातंच आहे. ते घेतील. घेताना दुखत नाही, आणि बऱ्याचदा घेतलं होतं हे आपल्याला पोलीस बंदोबस्तात मोजणी सुरू झाल्यावरच कळतं.

नावाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या सगळ्या प्रकल्पात सर्वांत मजबूत बांधकाम जर कशाचं असेल तर ते नावाचं. माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई. आता कर विरोध! नुसतं ‘नागपूर–गोवा द्रुतगती मार्ग’ म्हटलं असतं तर तुम्ही पंचगंगेच्या काठावर उभं राहून खुशाल शिव्या दिल्या असत्या. आता तुमचं भांडण थेट आईशी आहे. आणि आईला हा रस्ता हवा आहे की नाही, हे तुम्ही कोण सांगणार? कोजागरीला सोलापूरकडून, लातूरकडून, पार कर्नाटकातून माणसं रात्रंदिवस चालत तुळजापूरला जातात, अनवाणी. त्यांना या महामार्गावर पाऊल टाकता येईल का, असा खवचट प्रश्न तुमच्या मनात येईल. तो गिळा. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गासारखाच हाही प्रवेश-नियंत्रित, म्हणजे ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येणारा मार्ग असणार आहे. तिथं ताशी १२० किलोमीटरनं भक्ती करावी लागते. पायी भक्ती करणाऱ्यांसाठी जुना रस्ता आहेच की.

आणि जुना रस्ता खरोखरच आहे, हीच तर पंचाईत. नागपूर–रत्नागिरी राष्ट्रीय महामार्ग वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर असा जातो. तुळजापूर त्याच्यावरच, अंबाबाईचं कोल्हापूर त्याच्यावरच, माहूरला जरा आत वळावं लागतं. त्यासाठीसुद्धा जमिनी दिल्या गेल्या, काही गावांत तर त्या मोबदल्याचे तंटे अजून विझलेले नाहीत. तुमच्यातला एखादा मास्तर उठून नकाशा दाखवेल आणि म्हणेल, अहो, हा रस्ता असताना त्याच्याच अंगानं दुसरा कशाला? त्या मास्तरला खाली बसवा. सुनेसमोर सासूचे गुण गाऊ नयेत, एवढं व्यवहारज्ञान त्याला असायला हवं.

पैशाची काळजी तर मुळीच करू नका. सुरुवातीचा एकूण अंदाज सुमारे ८६ हजार कोटींचा, म्हणजे किलोमीटरमागं शंभर कोटींच्या वर. जून २०२५मध्ये मंत्रिमंडळानं यातल्या २०,७८७ कोटींच्या तरतुदीला मान्यता दिली. त्यात भूसंपादनासाठी कर्जाऊ घ्यायचे १२ हजार कोटी, आणि उरलेले ८,७८७ कोटी त्या कर्जाच्या संभाव्य व्याजाचे. पुन्हा वाचा, म्हणजे मन प्रसन्न होईल. रस्त्याचा एक दगड पडायच्या आत व्याजाची सोय झाली! तुम्ही सोसायटीत पीककर्जाला गेलात की सचिव विचारतो, मागचं भरलंत का, नवं फेडणार कशातून? असली क्षुद्र वृत्ती राज्य चालवताना ठेवून भागत नाही. वित्त विभागानं मध्ये काही शंका काढल्याचं पेपरात आलं होतं. प्रत्येक घरात एक आत्या असतेच.

करवीर-शिरोळकडची मंडळी पुराचं रडगाणं गातात, त्यांच्यासाठी स्वतंत्र सल्ला. २०१९ला आणि पुन्हा २०२१ला पंचगंगेचं पाणी चढलं, पुणे–बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला, ट्रकांची रांग लागली, जनावरं दावणीला बुडाली. आता आणखी एक भराव आडवा पडला तर पाणी कुठं जायचं, असं ही मंडळी विचारतात. अहो, पाण्याला वाट काढता येते, ते काही बाधित शेतकरी नाही. शिवाय जितका उंच भराव, तितकी पुराच्या काळात बसायला कोरडी जागा. सगळ्याच गोष्टींकडं वाकड्या नजरेनं का बघायचं?

तिकडं अर्धापूरच्या केळीवाल्यालाही तोच आजार. इसापूर धरणाचं पाणी कालव्यानं आलं, तेव्हा सरकारनंच सांगितलं की बागायत करा. त्यानं केली. आता बागायत जाणार म्हणून तो नाराज आहे. काहींना सुखाची सवय लागली की असं होतं. त्याच्या नाराजीची एक अडचण मात्र मोठी आहे. विरोध फक्त कोल्हापूरचा, मराठवाडा-विदर्भ तर वाट बघतोय, असं सांगायची एक चांगली पद्धत पडली होती. नांदेड-परभणीच्या शेतकऱ्यांनी मोर्चे काढून ती बिघडवली. आंदोलन करायचंच असेल तर निदान आपल्या प्रादेशिक ठिकाणी राहून करावं, दुसऱ्याच्या मांडणीत कशाला शिरावं?

१ जुलै २०२५ला, म्हणजे कृषी दिनी, पंचगंगेच्या पुलावर आणि इतर जिल्ह्यांतही रास्ता रोको झाला. ठीक आहे, हौस असते. पण रस्त्याला विरोध करायला रस्त्यावरच यावं लागतं, ही गोष्ट समर्थकांच्या लक्षात येईल असं वागू नका. उद्या ते म्हणतील, बघा, रोखायला यांना अजून एक रस्ता हवा आहे.

समर्थनाबद्दलही बोललं पाहिजे, कारण तुम्ही त्याही बाजूला जाऊ शकता, आणि ती बाजू किती सुटसुटीत आहे! विरोध करायचा तर सातबारा लागतो, आठ-अ लागतो, गट नंबर तोंडपाठ लागतो, वर तुम्ही खरे बाधित कशावरून हेही सिद्ध करावं लागतं. पाठिंबा द्यायला यातलं काहीच लागत नाही. कोथरूडच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर, गॅलरीत कढीपत्त्याची एक कुंडी एवढीच जमीन असलेला माणूससुद्धा या महामार्गाला मनापासून पाठिंबा देऊ शकतो. देशासाठी कुणीतरी त्याग केला पाहिजे, असं त्याचं ठाम मत असतं, आणि तो कुणीतरी कोण, याबद्दलही त्याच्या मनात गोंधळ नसतो. हाच गृहस्थ सोसायटीच्या पार्किंगमधली दीड फूट जागा कचऱ्याच्या डब्यांना द्यायची वेळ आली तेव्हा सहकार न्यायालयापर्यंत गेला होता. पण ते वेगळं. तिथं तत्त्वाचा प्रश्न होता.

या महामार्गाची प्रकृती नीट समजून घेतलीत तर बराच मनस्ताप वाचेल. त्याला निवडणुकीचं पाणी सोसत नाही. २०२४च्या सुरुवातीला अधिसूचना आली, जूनमध्ये लोकसभेचे निकाल आले, आणि विधानसभेच्या तोंडावर, ऑक्टोबरात, कोल्हापुरातलं भूसंपादन रद्द झाल्याचं जाहीर झालं. लोकांनी गुलाल उधळला. विधानसभा आटोपली आणि महामार्ग ताजातवाना होऊन परत आला. पुढं आखणीही हलायला लागली. कधी इकडून, कधी चंदगडकडून. म्हणजे रेघ हलूच शकत नाही असं जे तुम्हाला सुनावणीत सांगितलं गेलं, ते अभियांत्रिकीच्या दृष्टीनं खरं असेल, पण ती आमदारकीच्या दृष्टीनं हलते. तेव्हा कोर्टकचेरीत पैसे घालण्यापेक्षा तुमच्या तालुक्यात दर सहा महिन्यांनी कसलीतरी पोटनिवडणूक लागेल अशी व्यवस्था करा. तेवढ्यावर तुमची विहीर शतकभर टिकेल.

आणि शेवटी रेघ हललीच नाही तर? मग मोबदला. ‘समृद्धीला पाचपट मिळाले’ हे वाक्य तुम्हाला एव्हाना पाठ झालं असेल. कशाच्या पाचपट, हे विचारू नका. रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या जमिनीच्या दराच्या. आणि तुमच्या शिवाराचा रेडीरेकनर म्हणजे इतकी वर्षं खरेदीखतांवर मुद्रांक वाचवायला तुम्ही सगळ्यांनी मिळून जो दर कमी दाखवलात, तोच. आता तो तुमच्यासमोर हात जोडून उभा आहे. झाडांचे वेगळे पैसे मिळतात, विहिरीचे मिळतात, पाइपलाइनचे मिळतात. आंब्याचं वय किती, हे पंचनाम्यात लिहिताना साहेबांशी वाद घालू नका. त्यांनी तो अर्ध्या मिनिटात बघितलाय, तुम्ही फक्त चाळीस वर्षं.

पैसे येणार म्हटल्यावर माणसं जोडली जातात, हा भूसंपादनाचा दुर्लक्षित फायदा आहे. पंधरा वर्षं भाऊबीजेला न आलेली बहीण येईल. मुंबईचा चुलतभाऊ, ज्याला आपली वाटणी कुठल्या ओढ्यापर्यंत आहे हेही माहीत नव्हतं, तो पोटहिश्श्याच्या नकाशासकट उतरेल. सगळं कुटुंब पुन्हा एकदा एका छताखाली येईल. छत बहुधा दिवाणी न्यायालयाचं असेल.

रस्ता पडल्यावर पलीकडं तुमचा एक तिकोनी तुकडा उरेल. तो सरकारला नको असतो, कारण आखणीत येत नाही, आणि तुम्हाला पिकवता येत नाही, कारण पाणी अलीकडं राहिलं. बैल घेऊन जायचं तर दीड-दोन किलोमीटरवरच्या बोगद्यातून वळसा. हरकत नाही. तिथं ढाबा टाका, असं तुम्हाला कुणीही सुचवेल. सुचवणाऱ्याला सांगू नका की प्रवेश-नियंत्रित महामार्गाला कुंपण असतं आणि ढाब्यावर यायला गाडीनं आधी पुढच्या इंटरचेंजला उतरून तासभर मागं यावं लागेल. विकासाच्या बाबतीत माणसानं एवढं हिशोबी असू नये.

उद्घाटनाचं आमंत्रण मात्र येईल. जमीन देणाऱ्यांचा सत्कार असतो, शाल-श्रीफळ असतं, त्यामुळं जाच. फक्त मोटारसायकल काढू नका. समृद्धीवर दुचाकी आणि रिक्षा चढू देत नाहीत, इथंही देणार नाहीत. गावात कुणाची चारचाकी त्या दिवशी रिकामी आहे, ते आधीच विचारून ठेवा, आणि टोलचे पैसे तुमच्याकडून घेणार की गाडीवाल्याकडून, तेही घरीच ठरवून निघा.