कोलॅजेन, सुरमईचं डोकं आणि तुमचे तीन महिने

ताई, कोलॅजेनच्या पुडीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. कोलॅजेन म्हणजे कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन. 'कोलॅजेन पोटात पचून जातं, त्वचेपर्यंत काही पोचत नाही' या माझ्या वाक्याला तुम्ही अर्धवट माहिती म्हणालात. मान्य. ते पचतं, पण सगळंच सुट्ट्या अमिनो आम्लांपर्यंत, म्हणजे प्रथिनाच्या एकेका मण्यापर्यंत, फुटत नाही. दोन-तीन आम्लांचे जोडलेले तुकडे रक्तात सापडतात. लेखातलं ते वाक्य बदललंय.

पण रक्तात पोचलं म्हणजे गाल घट्ट झाले असं नाही. तुम्ही २०१४ च्या चाचणीचा दाखला दिलात: ६९ बायका, रोज अडीच किंवा पाच ग्रॅम, आठ आठवडे, लवचिकता वाढली. बरोबर. त्यापुढचं सांगते. २०२५ मध्ये अशा २३ चाचण्या, १,४७४ माणसं, एकत्र तपासली गेली. सगळ्या धरल्या तर ओलावा, लवचिकता, सुरकुत्या, तिन्हींत फरक. औषध कंपन्यांचा पैसा नसलेल्या तेवढ्याच बघितल्या, तर तिन्हींपैकी एकातही नाही. मासळी ताजी का, हे आपण विकणारीला विचारतो खरे, पण कल्ले उघडून बघतोच ना?

आता तुमचा अनुभव. मेअखेरीला पुडीचा डबा आणलात आणि गणपतीत सगळ्या विचारायला लागल्या, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे जून, जुलै, ऑगस्ट. देवगडात त्या दिवसांत ऊन दिसतं किती? हवा अशी दमट की डब्यातला पापड मऊ पडतो. कातडी तेव्हा तशीही टवटवीत दिसते. चाचणीत त्याच महिन्यांत दुसऱ्या गटाला खोटी पूड देतात ती याचसाठी.

'मग आजीच्या कालवणाचं एवढं कौतुक का?' हा टोमणा आवडला. कौतुक चवीचं. सुरमईचं डोकं घातलेलं कालवण रात्रभर फ्रीजमध्ये राहिलं की सकाळी डाव लागताच थरथरतं. ते थिजणं कोलॅजेनचंच, शिजून जिलेटिन झालेलं. आजीने ते जन्मभर खाल्लं. बंदरावर उन्हात मासे विकून तिचा चेहरा सुकटीसारखा सुरकुतला होता. चोळीच्या बाहीखालचा दंड मात्र शेवटपर्यंत मऊ. कालवण दोन्हीकडे सारखंच पोचलं होतं, ऊन नाही.

उरलेला डबा संपवा, सहसा अपाय होत नाही. घरात कुणाला माशांची ॲलर्जी असेल तर पूड कशाची आहे तेवढं बघा. आणि पुढचा आणायचाच असेल तर मार्चमध्ये सुरू करा, मेअखेरीला आरसा बघून मला कळवा.