पाहुण्याला अर्ध्या दिवसात मुंबई उरकून द्या

कंपनीत परदेशी पाहुणा आलाय. मीटिंग दुपारी आहे, सकाळ मोकळी आहे, आणि साहेबांची नजर सगळ्या टेबलांवरून फिरत तुमच्यावर येऊन थांबलीय. "तुमचं इंग्रजी बरं आहे. जरा मुंबई दाखवून आणा." घाबरू नका. मुंबई दाखवायला मुंबई माहीत असावी लागते हा गैरसमज आहे. एसी गाडी आणि खणखणीत आवाज, एवढं भांडवल पुरतं.

सुरुवात गेटवेपासून करा. सगळे तिथूनच करतात, त्यामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही आणि निम्मी सकाळ आपोआप सत्कारणी लागते. मग कमानीकडे हात करून ठणकावून सांगा, "पंचम जॉर्ज राजा या कमानीतून भारतात आला." राजा आला डिसेंबर 1911 मध्ये, कमानीची पायाभरणी झाली मार्च 1913 मध्ये आणि उद्घाटन डिसेंबर 1924 मध्ये. असल्या किरकोळ तपशिलाने पाहुण्याचा विरस का करायचा? शिवाय स्वागताची कमान पाहुणा येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी तयार झाली हे कळलं, तर तो आपल्या मेट्रोबद्दलही प्रश्न विचारू लागेल. आणि 28 फेब्रुवारी 1948 ला शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीतून बाहेर पडली, म्हणजे त्यांनी स्वतःच्या स्वागताला बांधलेलं दार त्यांच्याच निरोपाला कामी आलं, हे तर मुळीच बोलू नका. पाहुणा नेमका इंग्रज निघाला म्हणजे?

इथे तो बोटींकडे बघून घारापुरीचं नाव काढेल. त्याने गाइडबुक वाचलेलं असतं, हा या लोकांचा मोठा दोष. बोटीने एका बाजूलाच तासभर जातो, आणि वर परदेशी माणसाला तिकीट 600 रुपये, तुम्हाला 40, हा फरक खिडकीपाशी उभं राहून समजावणं नाजूक काम. सुदैवाने लेणी सोमवारी बंद असतात. तेव्हा वार कोणताही असो, आज सोमवार आहे असं सांगा. रात्रभर विमानात बसून आलेला माणूस एवढं मान्य करतो.

आता मागे वळा आणि ताजची गोष्ट सांगा. इमारत चुकून उलटी बांधली गेली, ते बघून गोऱ्या आर्किटेक्टने जीव दिला, ही गोष्ट सांगताना आवाज थोडा खाली आणायचा असतो. खरी हकीकत फारच बेचव आहे. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या इथल्याच दोन माणसांचा. काम पुरं होण्याआधी वैद्य वारले, पुढचं डब्ल्यू. ए. चेंबर्सने तडीला नेलं, आणि 1903 मध्ये हॉटेल उघडलं तेव्हा त्याचं मुख्य दार शहराच्या बाजूलाच ठेवलेलं होतं. आपल्यातल्या एका वैद्यांनी ताज आखला हे परदेशी माणसाला सांगण्यात काय मजा? आत्महत्या कशी लक्षात राहते!

काळा घोडा गाडीतूनच दाखवा. घोड्यावर कोणी का नाही, असं तो विचारेल. स्वार होता. सातवा एडवर्ड. त्याला 1965 मध्ये घोड्यासकट हलवलं, तो आता राणीच्या बागेत असतो. नाव मात्र इथेच राहिलं, आणि 2017 मध्ये त्या नावाला साजेसा नवा घोडा बसवला, बिनस्वाराचा. ही मुंबईतली सर्वांत मजेदार गोष्ट असल्यामुळे तेवढ्यात साहेबांचा फोन घ्या.

हुतात्मा चौकात सिग्नल लागेल. इथे कसोटी आहे. पाहुण्याचं तोंड फ्लोरा देवीच्या कारंज्याकडे ठेवायचं. 1864 चं, रोमन देवी, वगैरे. शेजारी मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत, तिकडे त्याचं लक्ष जाता कामा नये. गेलं तर विचारेल, हे कोण? संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले हुतात्मे, म्हणजे मुंबई ज्या राज्याची राजधानी आहे त्या राज्यासाठी मेलेली माणसं, असं सांगावं लागेल. मग पुढचा प्रश्न, गोळ्या कोणी झाडल्या? नोव्हेंबर 1955, जानेवारी 1956. तेव्हा इंग्रज जाऊन आठ वर्षं झाली होती. बघा, सिग्नल सुटला की नाही ते.

चर्चगेटसमोर साडेअकराच्या सुमाराला डब्यांच्या हातगाड्या दिसतील. थांबू नका, उतरू तर नकाच. डबेवाले कामात असतात आणि त्यांच्याशी बोलायला गेलं की आपल्यालाच काही माहीत नसल्याचं उघड होतं. काचेतून बोट दाखवा आणि म्हणा, "साठ लाख डब्यांत एक चूक." मोजलं कोणी, हे आजवर कोणत्याही पाहुण्याने विचारलेलं नाही. प्रिन्स (आता राजा) चार्ल्सचं नाव जोडून द्या, विषय संपतो.

सीएसएमटी लांबूनच. आत नेलंत तर तो घुमटाखालची नक्षी बघत उभा राहील, मग लोकलने दोन स्टेशनं जाऊन बघू म्हणेल. ही इमारत जागतिक वारसा आहे (2004 पासून) आणि त्याच वेळी तुमचं रोजचं स्टेशन आहे, या दोन गोष्टी एकत्र कळल्या तर त्याला भारी कौतुक वाटतं आणि आपल्याला उगाच ओशाळायला होतं. समोर महापालिका, तीही सीएसएमटी आखणाऱ्या स्टीव्हन्सचीच. ती दाखवायला हरकत नाही, फक्त रस्त्याकडे बघू देऊ नका.

एवढं सांभाळूनही शेवटी तो धारावी म्हणणारच. तुम्ही धारावीत कधी पाऊल टाकलेलं नसेल, फ्लायओव्हरवरून नाक दाबलं असेल तेवढंच. तरीही गंभीर चेहऱ्याने "देशाची ती एकच बाजू नाही" असं सुनवा. कुंभारवाडा, चामड्याचं काम, प्लास्टिक निवडण्याच्या गाळ्यांतली उलाढाल, यातलं काही बोलायची गरज नाही. त्याऐवजी ओळखीच्या एसी दुकानात न्या आणि बायकोसाठी चामड्याची पर्स घ्यायला लावा. ती धारावीतच शिवलेली असण्याची शक्यता दांडगी, पण दुकानदार इटलीचं नाव घेत असताना आपण मध्ये बोलू नये.

ऑफिसात परतल्यावर साहेबांना "मुंबई पूर्ण दाखवली" असा मेल टाका. व्हाउचरला पार्किंगच्या पावत्या जोडा, आणि पाहुण्याने हट्टाने स्वतःच्या खिशातून दिलेले चहाचे पैसेही त्यात धरा.