सलोख्यावरचा पैसा वाया जातो का? आधी व्हॉल्व्हची चावी कुणाकडे आहे ते विचारा

ठाणे-भिवंडीकडच्या ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा मथितार्थ असा: "दंगल झालेल्या वस्तीत सलोख्याच्या प्रकल्पांना पैसा देणं म्हणजे तो पाण्यात घालणं. नुकसानभरपाई द्या, नळ-रस्ते करा, बाकी काळ बघून घेईल. भिवंडीत मोहल्ला कमिट्यांनी एक पैसा न घेता शांतता राखलीच ना? संस्थांचा पैसा तर पगारातच जातो." हे वाचून कुणी मदतीचा हात आखडता घेऊ नये, म्हणून हे उत्तर.

"बाकी काळ बघून घेईल." भिवंडीत मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल उसळली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. मे 1984 मध्ये तेच शहर पुन्हा पेटलं आणि झळ ठाणे-मुंबईपर्यंत पोहोचली. मधली 14 वर्षं काळाच्याच हवाली होती. भरपाई हा हक्कच आहे, ती मिळालीच पाहिजे. पण ती घराला मिळते, गल्लीला नाही. जळालेल्या यंत्रमागाचे पैसे हातात पडले म्हणून मागवाला आणि सूतवाला यांच्यातली उधारी पुन्हा सुरू होत नाही. ती विश्वासावर चालते, आणि विश्वासाचा पंचनामा होत नाही.

"नळ-रस्ते केले की झालं." सगळ्यांत जास्त पटणारं आणि सगळ्यांत जास्त फसवणारं वाक्य हेच. बोस्नियातल्या मोस्तारचा जुना पूल नोव्हेंबर 1993 मध्ये तोफांच्या माऱ्याने कोसळला आणि 2004 मध्ये तो हुबेहूब पुन्हा उभा राहिला. पण 2008 नंतर थेट 2020 पर्यंत त्या शहरात पालिकेची निवडणूकच होऊ शकली नाही, कारण दोन्ही बाजूंच्या पक्षांचं नियमांवर एकमत होईना. पूल झाला, कारभार अडकून राहिला. इराकमध्ये विस्थापित ख्रिस्ती खेळाडूंच्या फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू घेऊन पाहिले. एका संघात खेळलेल्यांचं आपसात जमलं, मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांबद्दल मात्र फारसा फरक पडला नाही. म्हणजे एकत्र येण्याचा उपयोग होतो, पण तो आपोआप पसरत नाही. पसरवायला माणूस लागतो.

आपल्याकडचा हिशेब मांडून पाहा. दोन वस्त्यांच्या मधोमध 200 घरांसाठी पाण्याची टाकी बांधायची आहे. घरटी 50 लिटर म्हणजे 10,000 लिटर. एका तोटीतून मिनिटाला 15 लिटर येतं असं धरलं, तर चार तोट्यांवर सगळ्यांचं भरून व्हायला पावणेतीन तास लागतात. पाणी तासभरच सुटत असेल तर रोज निम्म्याहून जास्त हंडे रिकामे परत जाणार, आणि तिसऱ्या दिवशी रांगेतल्या भांडणाला धर्माचा रंग चढणार. हंडे तासाभरात भरायचे तर बारा तोट्या हव्यात, सहा एका अंगाला, सहा दुसऱ्या. व्हॉल्व्हची चावी एकाच घरात राहिली की "त्यांनी पाणी तोडलं" ही अफवा उठायला एक बंद मोटर पुरते. म्हणून दोन्ही वस्त्यांतला एकेक चावीवाला, आठवड्याची पाळी, आणि पाणी कधी सुटलं-कधी बंद झालं ते टाकीवरच्या फळ्यावर खडूने. खर्च नगण्य, पण अंदाजपत्रकात चावीवाल्याला जागाच नसते.

"भिवंडीत फुकटात झालं." पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी 1988 मध्ये मोहल्ला कमिट्या, म्हणजे पोलीस आणि दोन्ही समाजांतले रहिवासी यांच्या गल्लीपातळीवरच्या समित्या, सुरू केल्या, आणि 1992-93 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. हे यश आम्हीही छातीठोकपणे सांगतो. पण ते फुकट नव्हतं. बैठका घेणाऱ्या, घरोघरी जाणाऱ्या पोलिसांचा पगार सरकार देत होतं. खर्च दुसऱ्या खात्यातून होत होता, इतकंच. शिवाय अशा कामाची घडी एका अधिकाऱ्यावर बसलेली असते, बदली झाली की ती विस्कटायला वेळ लागत नाही.

"पगारातच जातो." इथे अडचण बहुतेक वेळा उलटी असते. खासदार निधी टिकाऊ मालमत्तेसाठी असतो, त्यातून महिन्याचं मानधन देता येत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सीएसआरवर, म्हणजे कायद्याने ठरवून दिलेल्या समाजोपयोगी कामांवर, खर्चावी लागते. तिथे प्रशासकीय खर्चाला 5 टक्क्यांची मर्यादा आहे, आणि ती ऐकून संस्था भीतीपोटी कार्यकर्त्यांचं मानधनच प्रस्तावातून काढून टाकतात. पण ही मर्यादा कंपनीच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चाला आहे. ठरावीक प्रकल्प राबवण्याचा थेट खर्च तिच्यात धरत नाहीत. प्रस्तावात हे मानधन स्वतंत्र शीर्षाखाली लिहा.

10 लाखांची मांडणी आम्ही अशी सुचवू: बांधकाम आणि पाइप 6 लाख, दोन अर्धवेळ कार्यकर्ते, प्रत्येक वस्तीतला एक, महिना 7,000 प्रमाणे 18 महिने, म्हणजे 2,52,000, देखभाल 80,000, बैठका आणि हिशेबाचा फलक 30,000, लेखापरीक्षण 38,000. कार्यकर्ते बांधकामाच्या तीन महिने आधी नेमा. जागा ठरताना ते नसतील तर नंतर समजूत घालण्यातच त्यांचा वेळ जातो. बँक खात्यावर दोन्ही बाजूंची सही असू द्या. ठेकेदाराने मजूर एकाच वस्तीतून घेऊ नयेत, ही अट करारात असावी, तोंडी नको.

"जुन्या जखमा उकरू नका" या आक्षेपात मात्र तथ्य आहे. सिएरा लिओनमध्ये 200 गावं घेऊन समेटाच्या सभांचा अभ्यास झाला, त्यांतल्या निम्म्या गावांत सभा झाल्या. सभा झालेल्या गावांत क्षमाभाव वाढला, गाठीभेटी वाढल्या, सामाईक कामाला लोक जास्त हातभार लावू लागले. पण त्याच गावांत नैराश्य आणि चिंताही वाढली. म्हणून ज्याच्या घरातलं माणूस गेलं आहे, त्याला थेट सभेत उभं करू नये. आधी त्याच्या घरी, एकट्याशी बोलावं. सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाशी आधी बोलून ठेवावं आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फलकावर लिहावा. सभेनंतर आठव्या दिवशी कार्यकर्त्याने त्या घरी पुन्हा जावं, आणि त्या फेरीचाही खर्च अंदाजपत्रकात धरलेला असावा.

निधीचे हप्ते 40, 30, 20, 10 टक्क्यांचे ठेवा. शेवटचे 10 टक्के काम संपल्यावर देऊ नका. सहा महिने फळ्यावरच्या नोंदी बघा, चावी ठरल्याप्रमाणे दोन्हीकडे फिरते आहे ना याची खात्री करा, मग द्या.