पुराचं कारण प्रयोगाशिवाय सांगता येतं

पंचगंगा नदीच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला गेलं की आपल्या कोल्हापुरात जनावरं हलवायची धावपळ सुरू होते, आणि कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणामुळे पूर येतो का, यावरून वादही. एक जण आलेख टाकतो: अलमट्टीचा साठा वाढला तशी पंचगंगा वाढली, झालं सिद्ध! दुसरा म्हणतो, नुसत्या आकड्यांवरून कारण कधीच ठरत नाही, प्रयोगच लागतो. मला दोन्ही पटत नाही. दुसरं जास्त खुपतं, कारण ते शास्त्राचं नाव घेऊन बोललं जातं.

आलेख कच्चा आहेच. घाटमाथ्यावर धो धो पाऊस झाला की पंचगंगा चढते आणि कृष्णेतून तेच पाणी अलमट्टीतही जातं. मग दोन्ही रेषा बरोबरच वाढणार.

पण म्हणून प्रयोग? पूर येतो का हे बघायला कुणी मुद्दाम शिरोळ तालुका बुडवणार नाही.

१८५४ साली लंडनमध्ये कॉलरा पसरला तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरनंही प्रयोग केला नव्हता. दक्षिण लंडनच्या अनेक गल्ल्यांत दोन-दोन कंपन्यांचे नळ होते. शेजारी-शेजारी घरं, सारखीच माणसं. त्यातल्या एका कंपनीनं १८५२ मध्ये पाणी उपसायची जागा थेम्स नदीवर शहराच्या वरच्या अंगाला नेली, दुसरी शहराच्या घाणीतलंच पाणी देत राहिली. स्नोनं मेलेल्यांच्या घरी कुणाचा नळ आहे ते शोधलं. दर दहा हजार घरांमागे घाण पाण्याच्या घरांत ३१५ मृत्यू, दुसरीकडे ३७. जंतूंमुळे रोग होतो हे तेव्हा फारसं कुणी मानतही नव्हतं, तरी कारण सापडलं होतं.

अशी तुलना जमली नाही तर फसगत होते, हेही खरं. पाळी गेल्यावर हार्मोन घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो असं निरीक्षणांतून वाटत होतं. २००२ मध्ये प्रत्यक्ष चाचणीनं ते खोडलं.

२०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला दोषी धरलं नाही, आणि इथं ते अनेकांना मान्य नाही. ठीक आहे, मग नेमका प्रश्न विचारूया: कृष्णेचा विसर्ग तेवढाच असताना, अलमट्टी भरलेली असते तेव्हा पंचगंगा कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीची पातळी रिकामी असतानापेक्षा जास्त राहते का? धरणामुळे मागे तुंबणाऱ्या पाण्याचा फुगवटा तिथवर येत असेल तर फरक दिसायलाच हवा. त्यासाठी दोन्ही राज्यांनी पातळी, विसर्ग आणि दारं उघडल्याच्या वेळा, सगळ्या वर्षांच्या, तासातासाच्या, लोकांसमोर ठेवाव्यात. पुढच्या पावसाळ्याआधी आपण सगळ्यांनी मिळून एवढी एकच मागणी लावून धरूया.