खुलासा: डेसिबलवरून बेअरिंगचा दोष ठरत नाही

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: "मोबाइल ॲपवर मोटर ८५ डेसिबलच्या वर गेली की बेअरिंग बदला." हे चूक आहे. (बेअरिंग म्हणजे मोटरचा फिरता दांडा पेलणारा भाग.) ८५ हा आकडा कानाच्या काळजीचा, आठ तासांच्या कामासाठी. मशीनच्या दोषाचा नव्हे. शिवाय ॲपच्या आकड्यात शेजारचा ग्राइंडरही आलाच!

दोष कळतो तो कुठल्या हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला किती कंपनांना) आवाज वाढलाय यावरून. १४४० आरपीएमची (मिनिटाला १४४० फेऱ्यांची) मोटर सेकंदाला २४ फेरे घेते. आवाजाच्या हर्ट्झवार आलेखात २४ हर्ट्झला उंच रेघ दिसली तर बहुधा बॅलन्सिंग (फिरत्या भागाच्या वजनाचा समतोल) बिघडलंय, ४८ ला दिसली तर अलाइनमेंट (जोडलेले दांडे एका रेषेत आहेत का) तपासा. बेअरिंगचे ठोके फेऱ्यांच्या पूर्ण पटीत सहसा बसत नाहीत. मीही उद्यमनगरात एकदा नवं बेअरिंग घातलं, आवाज तसाच. पायाचा बोल्ट ढिला निघाला.

तो मेसेज कृपया पुढं पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हे टाका.