सगळे पट्टे पणाला, आणि हासळी मोडली शेजारच्या पोराची

आमच्याकडं थोरल्या दाजींना कुणी उलट बोलत नाही. मीही आजवर बोललो नाही. पण गेल्या रविवारी ताईचा रडत फोन आला. माझ्या तेरा वर्षांच्या भाच्यानं शेजारच्या दहा वर्षांच्या पोराला कॉटवर उभं राहून खांद्यावर घेतलं आणि खाली टाकलं. खाली गादी होती. एकपदरी, आणि तिच्याखाली शहाबादी फरशी. पोराची हासळी मोडली. दवाखान्यातून आल्यावर मी भाच्याला बाजूला घेतलं तर तो म्हणतो, "मामा, तसं लागत नसतंय गा. खाली स्प्रिंग असतंय. बाबांच्या मोबाईलवर आलंय की."

बाबांच्या मोबाईलवर म्हणजे भावकीच्या ग्रुपवर. दाजींनीच तिथं टाकलेला तो मेसेज मलाही आला होता, मी न वाचता पुढं गेलो होतो. आता तीनदा वाचला. आमच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याकडं तोच कानडीतून फिरतोय, म्हणजे सीमाप्रश्न एवढ्यापुरता तरी मिटला म्हणायचा. "प्रत्येक कुस्तीप्रेमीने वाचावे" अशी सुरुवात. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेत वर्षातून एका रात्री जगातले सगळे चॅम्पियन आपापले किताबाचे पट्टे पणाला लावतात, जो जिंकेल तो सगळे पट्टे घेऊन जातो, आपल्या खलीनं एका रात्रीत हे करून दाखवलं, तिथली प्रत्येक कुस्ती निकाली असते, आपल्या जत्रेसारखी बरोबरीत सोडवत नाहीत, पट्टे शुद्ध सोन्याचे, आणि मुलांना हे जरूर दाखवा, धाडस येतं, रिंगखाली स्प्रिंग असल्यामुळं इजा होत नाही. शेवटी हात जोडलेली चार चिन्हं.

दाजी, राग मानू नका. पण हे सगळं खोटं आहे, आणि जे थोडं खरं आहे तेही वाकडं करून सांगितलंय.

थोडं खरं आधी सांगतो, म्हणजे ते माझ्या अंगावर येणार नाही. डब्ल्यूडब्ल्यूई या टीव्हीवरच्या कुस्त्या भरवणाऱ्या अमेरिकी कंपनीचा असा कार्यक्रम आहे. 24 जून 2007 ला टेक्सासमधल्या ह्यूस्टनला पहिल्यांदा तो या स्वरूपात झाला, तेव्हा नाव होतं व्हेन्जन्स: नाइट ऑफ चॅम्पियन्स. पुढं 2015 पर्यंत दरवर्षी नाइट ऑफ चॅम्पियन्स. 2016 ला नाव बदलून क्लॅश ऑफ चॅम्पियन्स केलं, तेही 2020 पर्यंत अधूनमधून चाललं. कल्पना अशी की त्या रात्री कंपनीचा प्रत्येक किताब लढतीला लागायचा. ध्यानात घ्या, कंपनीचा. जगातले सगळे चॅम्पियन नव्हेत. एकाच मालकाच्या पगारावरची माणसं, मालकानंच काढलेले पट्टे, आणि कुणी कुणाशी लढायचं तेही मालकच ठरवणार.

"जिंकेल तो सगळे पट्टे घेऊन जातो" हे कुणाच्या डोक्यातून निघालं कुणास ठाऊक. प्रत्येक पट्ट्याची लढत वेगळी असते. ह्यूस्टनला 9 पट्टे होते आणि 9 लढती. जोडीचे पट्टे वेगळे, बायकांचा वेगळा, कमी वजनाच्यांचा वेगळा. एक माणूस सगळे घेणार कसा? बायकांचाही? आणि "सगळे पणाला" म्हणून बोंब मारलेल्या त्या रात्री चॅम्पियनच्या कमरेवरून सुटून दुसऱ्याकडं गेलेला पट्टा एकच, बायकांचा, मेलिनाकडून कँडिस मिशेलनं घेतला तो. आणखी एक रिकामाच पडला होता, तो भरला. बाकीचे जिथले तिथं. त्यात यांचा नियम असा की चॅम्पियन नियम मोडून बाद झाला किंवा रिंगबाहेर जाऊन वेळेत परत आला नाही तरी पट्टा त्याच्याकडंच राहतो. आपल्या मैदानात कुणी आखाडा सोडून पळाला आणि तरी गदा त्यालाच दिली, तर पंचाला घरी सोडायला पोलीस बोलवावे लागतील.

आणि आता तर सगळे पट्टेही नसतात. 2023 ला सौदीतल्या जेद्दाला हेच नाव परत आणलं. त्यांचा सगळ्यात मोठा चॅम्पियन रोमन रेन्स त्या रात्री उतरला तो भावबंदाला घेऊन जोडीचे पट्टे मागायला. स्वतःचा पट्टा त्यानं पणाला लावलाच नव्हता.

खलीचं बोलायचं तर पोरं नाचली होती, मीही नाचलो होतो. पण ह्यूस्टनच्या त्या रात्री खली लढतीत नव्हताच. एज नावाचा चॅम्पियन दुखापतीनं बसला, त्याचा पट्टा रिकामा झाला, आणि जुलै 2007 मध्ये वीस जणांना एकदम रिंगमध्ये सोडून जो शेवटी उरेल त्याला तो द्यायचं ठरलं. खली उरला. दोन महिन्यांत, सप्टेंबरमध्ये, बटिस्टानं तो घेतला. एक पट्टा, दोन महिने. हिमाचलच्या माणसाला तेवढंही मिळालं याचा मला आनंदच आहे, त्याला फोडणी द्यायची काय गरज?

आता "निकाली". हा शब्द वाचून माझं डोकं फिरलं.

निकाली म्हणजे काय हे बेळगावच्या माणसाला सांगायला लागू नये. पाठ मातीला लागेपर्यंत लढायचं, गुणांवर सोडवायचं नाही. त्यात एक गोष्ट गृहीत असते: कोण पडणार हे उतरणाऱ्या दोघांनाही माहीत नसतं. डब्ल्यूडब्ल्यूईत दोघांनाही माहीत असतं. हे मी जळून बोलत नाही, कंपनीनंच सांगितलंय. 1989 च्या फेब्रुवारीत न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढं कंपनीच्या माणसांनी स्वतः जाऊन सांगितलं की आमचा खेळ म्हणजे खरीखुरी स्पर्धा नव्हे, प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी केलेला खेळ आहे. न्यूयॉर्क टाइम्सनं तेव्हा ते छापलं. असं का सांगितलं? खरी स्पर्धा म्हटलं की राज्याचं क्रीडा मंडळ आलं, त्यांचे डॉक्टर आले, परवाने आले, वर कर. करमणूक म्हटलं की हे सगळं टळतं. मालक सरकारपुढं सांगतोय की ही खरी स्पर्धाच नव्हे, आणि आमचे दाजी ग्रुपवर लिहितायत की निकाली असतं. दाजी, मालकापेक्षा तुमचा विश्वास जास्त?

हे खोटं आहे म्हणून मी त्याला कमी लेखत नाही. दशावतारातला राक्षस पडणार हे पहिल्या घंटेपासून ठरलेलं असतं, तरी तो फळ्यांवर धाडकन पडतो आणि त्याला लागतंही. बघायला मजा येते. पण त्याला कुणी निकाली म्हणत नाही.

आणि हो, जत्रेतल्या कुस्त्यांचा टोमणा मला लागला, कारण तो पूर्ण खोटा नाही. एक नंबरच्या कुस्तीला लाखाचं इनाम बोललेलं असतं, दोन नावाजलेले मल्ल वीस मिनिटं एकमेकांच्या मानेवर हात टाकून गोल फिरतात, हलगीवाल्याचे हात दुखतात, आणि मग पंच म्हणतात बरोबरीत सोडवू. अशा नुरा कुस्तीला फडातून काय शिव्या पडतात त्या मीही दिल्यात. पण फरक बघा. आपल्याकडं कुस्ती नुरा झाली की लोक चिडतात, पैसे परत मागतात. तिकडं ती नुराच असते म्हणून लोक तिकीट काढतात.

पट्टे सोन्याचे नसतात. चामड्यावर धातूचे पत्रे, वर मुलामा. आपली चांदीची गदाही आतून लाकडीच असते, तेव्हा इथं मी जास्त बोलत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. "स्प्रिंग असते, इजा होत नाही."

रिंग म्हणजे लोखंडाची चौकट, तिच्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर बोटभर फोम आणि वर ताणलेलं जाड कापड. काही रिंगांच्या मधोमध स्प्रिंग असतेही, पण ती काही कापसाची गादी नव्हे. ते वाचतात ते स्प्रिंगमुळं नाही. पडायचं कसं हे महिनोन् महिने शिकतात: हनुवटी छातीला, श्वास सोडलेला, दोन्ही हात आणि अख्खी पाठ एकदम जमिनीला लागली पाहिजे, म्हणजे मार एका जागी बसत नाही. आणि उचलणारा त्याला टाकत नाही, सांभाळून ठेवतो. पडणारा स्वतः उडी मारून वर जायला मदत करतो. दोघं मिळून करतात तेव्हा तो डाव दिसतो.

आपला डाव याच्या बरोबर उलटा. एकेरी पट काढा, ढाक लावा, घिस्सा मारा, समोरचा जीव तोडून विरोध करणार हे धरूनच तो डाव बसवलेला असतो. म्हणून तालमीत पोराला आधी कुणी डाव शिकवत नाही. आधी खोऱ्यानं माती उकर. जोर मार, बैठका मार, मान घडव. मातीत ताक, लिंबू, तेल, हळद कालवतात ती काय हौस म्हणून? माझ्या वस्तादांनी मला पहिले दोन महिने नुसतं पडायला लावलं होतं, आणि मी घरी येऊन आईकडं तक्रार करायचो की मला कुस्ती शिकवतच नाहीत.

भाच्यानं काय केलं? दोघांनी मिळून करायच्या गोष्टीतला आपला अर्धा भाग केला. त्यानं उचललं आणि टाकलं. शेजारच्या पोराला पडायचं कसं हे कुणी सांगितलंच नव्हतं. ते बिचारं हात पुढं करून पडलं, खांद्यावर आपटलं.

आणि ज्यांना येतं त्यांचं काय होतं ते बघा. 1997 च्या समरस्लॅम या त्याच कंपनीच्या कार्यक्रमात ओवेन हार्टनं स्टीव्ह ऑस्टिनला डोकं खाली धरून बसवलं, बेत थोडा चुकला आणि ऑस्टिनची मान गेली. काही क्षण त्याला हातपाय हलवता येत नव्हते. दोघंही कसलेले. 1999 मध्ये ड्रोझ नावाचा मल्ल एका चुकलेल्या डावात आपटला तो मानेखाली लुळा पडला, आयुष्यभर.

ह्यूस्टनच्या त्याच रात्रीचं आणखी एक आहे, ते या मेसेजवाल्यानं का लिहिलं नाही? रिकाम्या पडलेल्या, ईसीडब्ल्यू नावाच्या त्यांच्या एका किताबाच्या पट्ट्यासाठी क्रिस बेन्वा उतरणार होता. तो आलाच नाही. ऐन वेळी दुसऱ्याला उभं केलं आणि तो जिंकला. दुसऱ्या दिवशी बेन्वा, त्याची बायको आणि सात वर्षांचा मुलगा घरात मृत सापडले. पोलिसांचा निष्कर्ष असा की दोघांना त्यानंच मारलं आणि मग स्वतःला. असं का केलं याचं एका वाक्यात उत्तर द्यायला मी बसलेलो नाही. पण नंतर डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला तेव्हा डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या धक्क्यांनी तो फार खराब झालेला निघाला. तो चाळीस वर्षांचा होता. 2010 मध्ये कंपनीनं डोक्यात खुर्ची घालणं बंद केलं. खुर्ची, दाजी. लोखंडी घडीची. निकाल ठरलेला होता, खुर्ची खरी होती.

म्हणून ती कंपनी स्वतःच्या कार्यक्रमात दाखवते की घरी करून बघू नका. तेवढं एक वाक्य मेसेजमध्ये आलं असतं तर बाकीच्या थापा मी माफ केल्या असत्या.

तिथं खरे कुस्तीगीर नाहीत असंही नाही. कर्ट अँगल 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकचा सुवर्णपदकवाला आहे. पण ते पदक त्याला मॅटवर खऱ्या लढतीत मिळालं, मग तो तिकडं गेला. आणि धाडसच दाखवायचं असेल तर दाजी, तुमचं गाव चिकोडी तालुक्यातलं. एकसंबा किती लांब आहे तुमच्यापासून? श्रीपती खंचनाळे त्या मातीतले. 1959 ला दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला पाडून हिंदकेसरी झाले. खालीही माती, वरही माती. भाच्याला मी नाव विचारलं तर त्याला माहीत नाही. रोमन रेन्सच्या चुलतभावांची नावं पाठ आहेत.

सोमवारपासून त्याला मी संध्याकाळी तालमीत घेऊन जाणार आहे. ताईला विचारलंय, तुम्हाला विचारतोय. वस्ताद म्हणालेत, पहिला महिना माती उकरायला लावतो.

शेजारच्या पोराचा हात गळ्यात बांधलाय. दवाखान्याचं बिल ताईनं गुपचूप दिलंय, तुम्ही तेवढं एकदा त्यांच्या घरी जाऊन या. मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत संपली असेल, त्यामुळं त्याच्याखालीच एक ओळ लिहा की हे खरं नाही. नाही लिहिलंत तर हा मजकूर मी ग्रुपवर टाकतोय. कानडीतूनही, तो सहकारी भाषांतर करून द्यायला तयार आहे.