छपरावर डिश, गल्लीत नाव

वायरलेस इंटरनेट सेवा सुरू करायला फारसं काही लागत नाही. एक उंच जागा, दोन डिश, एक राउटर आणि शेजाऱ्यांचा तुमच्यावरचा विश्वास. यातली चौथी गोष्ट सगळ्यांत आधी संपते, पण तोवर पहिल्या महिन्याचे पैसे जमा झालेले असतात. तेव्हा तिचा साठा किती आहे हे बघत बसू नका.

आधी जागा. छपरावर उभे राहा आणि समोरचा टॉवर दिसतो का बघा. झाडाच्या शेंड्यावरून टोक दिसलं? मग झालं की! दोन अँटेनांच्या मध्ये लहरींना मधोमध फुगलेली मोकळी जागा लागते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात, ५.८ गिगाहर्ट्झवर ५ किलोमीटरच्या लिंकला (दोन टोकांमधल्या जोडणीला) मध्यावर तिची त्रिज्या ८ मीटर भरते आणि त्यातली निदान ६० टक्के, म्हणजे जवळपास ५ मीटर, मोकळी ठेवावी लागते, हे सगळं सांगणारे लोक धंदा करत नसतात. पाहणी मुद्दाम पानगळीत करा. पालवी फुटली की पानांतलं पाणी सिग्नल गिळू लागेल. तेव्हा ‘हवामान खराब आहे’ म्हणायला तुम्ही मोकळे. अंतर २० किलोमीटर असेल तर पृथ्वीचा फुगवटासुद्धा मध्यावर ६ मीटरच्या आसपास आडवा येतो. पण एवढ्या लांबचा विचार कशाला?

लिंकचं गणित आधी मांडू नका. ते मांडणं दुर्दैवानं फार सोपं आहे. ५ किलोमीटरवर ५.८ गिगाहर्ट्झचा मोकळ्या हवेतला तोटा सुमारे १२२ डेसिबल. प्रक्षेपणाची एकूण ताकद ३६ डीबीएम (हे सिग्नलच्या ताकदीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल दुबळा) आणि पलीकडची डिश २३ डीबीआयची (हे सिग्नल एकवटण्याचं माप) धरली, तर तिथे उणे ६३ डीबीएमच्या आसपास सिग्नल यायला हवा. हा आकडा एकदा वहीत लिहिला की पंचाईत होते. प्रत्यक्षात उणे ७६ दिसला, तर १३ डेसिबल कुठे गेले याचा शोध घ्यावा लागतो. आकडाच नसेल तर उणे ७६ बघूनही माणूस समाधानानं खाली उतरतो.

डिश जुळवतानाही हेच समाधान कामी येतं. ६० सेंटिमीटरच्या डिशचा मुख्य झोत जेमतेम ६ अंशांचा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दुबळे उपझोत असतात. डिश हळूहळू फिरवत जा, सिग्नल वाढून पुन्हा कमी होऊ लागला की तिथेच नट आवळा. तो उपझोत असण्याची शक्यता भरपूर. खरं शिखर सापडायला दोन्ही अंगांना आणखी फिरवून, वरखाली करून, मग परत यावं लागतं, आणि ऊन तर चढलेलं असतं. नट आवळताना डिश थोडी सरकते, त्यामुळे आवळून झाल्यावर आकडा पुन्हा बघायचा असतो. तुम्ही बघू नका.

आता चॅनेल, म्हणजे लहरींचा ज्यात बोलायचं तो पट्टा. ८० मेगाहर्ट्झचं चॅनेल २० पेक्षा चौपट रुंद, म्हणून वेगही चौपट, असा हिशेब करा. रुंदी दुप्पट केली की नॉइज (मागचा गोंगाट) ३ डेसिबलनं वाढतो, म्हणजे २० वरून ८० वर जाताना ६ डेसिबल हातचे जातात, शिवाय आजूबाजूच्या प्रत्येकाची कुरकुर तुमच्या चॅनेलमध्ये येऊन बसते. गजबजलेल्या वस्तीत २० मेगाहर्ट्झवर ठणठणीत चालणारा सेक्टर (टॉवरवरून अनेक ग्राहकांना एकत्र सेवा देणारा अँटेना) ८० वर आचके देतो. पण सेटिंगच्या पानावर मोठा आकडा भारदस्त दिसतो हे मान्य करावंच लागेल.

डीएफएस नावाची एक कटकट वाटेत येईल. ५ गिगाहर्ट्झच्या काही भागांत रडारं चालतात, त्यामुळे रेडिओनं (डिशला जोडलेल्या यंत्रानं) तिथे बोलण्याआधी किमान ६० सेकंद ऐकायचं आणि रडार आढळलं की ते चॅनेल अर्धा तास सोडायचं, असा दंडक आहे. यावर रामबाण उपाय म्हणून सेटिंगमध्ये हा दंडक नसलेला भलताच देश निवडतात. ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झमध्ये विमानतळांजवळची हवामान रडारं असतात आणि त्यांच्या पडद्यावर तुमच्या अँटेनाच्या दिशेनं सरळ रेघ उमटते, म्हणजे पत्ता तुम्हीच दिलेला असतो. अमेरिकेत एफसीसी या दूरसंचार नियामकानं अशा चालकांना दंड ठोठावलेले आहेत. प्रसिद्धीचा हा एक मार्ग आहे, पण खर्चीक.

केबलवर मात्र आपण जरा थांबू, कारण सेवा बुडवण्याची सर्वांत भरवशाची जागा हीच. कॉपर क्लॅड अॅल्युमिनियम नावाची स्वस्त केबल मिळते: वरून तांब्याचा मुलामा, आत अॅल्युमिनियम. रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट. २४ व्होल्टच्या साध्या पीओईवर (इथरनेट केबलमधूनच वीज देण्याच्या पद्धतीवर) ५० मीटर लांबीत अर्धा अँपिअर वाहिला, तर चांगल्या केबलमध्ये २ व्होल्ट पडतात, हिच्यात ३ च्या वर. रेडिओ दिवसभर निमूट चालतो. संध्याकाळी प्रक्षेपण वाढतं, वीज जास्त खेचली जाते, व्होल्टेज आणखी घसरतं आणि रेडिओ रीस्टार्ट होतो. तुम्ही सकाळी जाऊन तपासाल तेव्हा सगळं उत्तम! असे दोष महिनोन्‌महिने सापडत नाहीत. तोवर दोन रेडिओ आणि एक अडॅप्टर बदलून झालेले असतात, केबल सोडून सगळं.

केबल घरात वापरायची, पांढरी असावी. उन्हात तिचं आवरण तडकतं आणि पावसाचं पाणी आत शिरतं. रेडिओपाशी केबलला खाली झोल देऊन मग वर घेतली, तर पाणी झोलावरून गळून जातं, म्हणून झोल देऊ नका, सरळ वरून उतरवा. पाणी आधी कनेक्टरमध्ये जाईल, आणि आवरणाच्या आतून उतरत उतरत ग्राहकाच्या राउटरपर्यंतही पोहोचेल. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडू लागल्या की चारपैकी एखादी जोडी तुटते आणि गिगाबिटचा पोर्ट गुपचूप १०० एमबीपीएसवर उतरतो, कारण त्याला १, २, ३ आणि ६ या चारच तारा पुरतात. बॅकहॉलवर (वस्तीच्या टॉवरला इंटरनेट आणून देणाऱ्या लिंकवर) हे घडलं की अख्ख्या वस्तीचा वेग १०० वर अडकतो, लिंक मात्र ‘चालू’ दिसते. पोर्टचा वेग बघायला अर्धा मिनिट लागतो. त्यापेक्षा डिश बदलण्याचा खर्च करणं उमदेपणाचं.

अर्थिंग करायचंच असेल तर टॉवरसाठी वेगळा रॉड ठोका आणि इमारतीच्या मूळ अर्थिंगशी तो जोडू नका. जवळपास वीज कोसळली की दोन अर्थिंगमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो, आणि तो भरून काढायला वाट एकच उरते: तुमची इथरनेट केबल. सर्ज प्रोटेक्टरचं (विजेचा झटका अडवणाऱ्या खोक्याचं) म्हणाल तर तो फक्त वर टॉवरवर लावा. खाली राउटरपाशी दुसरा लावला, तर राउटर वाचेल.

विजेचा हिशेब चटकन उरकू. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लेड-अॅसिड बॅटरी म्हणजे कागदावर १२०० वॉट-तास. आयुष्य हवं असेल तर त्यातले निम्मेच वापरायचे. ४० वॉटचा भार धरला तर तासांचा आकडा १५, आणि रूपांतरातली गळती वजा जाता १२–१३. तुम्ही पूर्ण ३० तास धरा आणि मध्ये एक इन्व्हर्टरही बसवा, म्हणजे डीसीचं एसी आणि एसीचं परत डीसी करताना बॅटरी खोलीसुद्धा गरम ठेवील.

आता मुख्य विषय, प्लॅन विकणे. खोक्यावर ३०० एमबीपीएस लिहिलेलं असतं. तो हवेतला दर. एकाच चॅनेलवर आळीपाळीनं बोलणं-ऐकणं, पोचपावत्या, पुनर्प्रेषण हे सगळं वजा जाऊन सेक्टरला हाती चांगल्या दिवशी निम्मे येतात. त्या १५० वर १०० ग्राहक बसवा आणि प्रत्येकाला ५० चा प्लॅन द्या. सगळे एकदम वापरत नाहीत, हे खरंच आहे. क्षमतेपेक्षा जास्त विकूनच हा धंदा चालतो आणि त्यात लबाडी नाही. फक्त संध्याकाळी त्यातल्या ३० घरांनी ५ एमबीपीएसचा एकेक व्हिडिओ लावला की १५० संपतात. एकतिसावं घर तुम्हाला फोन करतं. जाणते लोक गर्दीच्या वेळचा सेक्टरचा वापर रोज मोजतात आणि तो तीन-चतुर्थांशाला पोहोचला की नवे ग्राहक थांबवतात किंवा सेक्टर विभागतात. तुम्ही पहाटे पाचला स्पीड टेस्ट घ्या, स्क्रीनशॉट काढा आणि तो संध्याकाळी तक्रारींना उत्तर म्हणून पाठवत चला.

दूरच्या, झाडामागच्या, उणे ८२ सिग्नलवाल्या ग्राहकाला तर नाही म्हणूच नका. तो ६ च्या दरानं बोलेल आणि बाकीचे १३० च्या दरानं. तेवढाच डेटा पोचवायला तो चॅनेल वीसपटीहून जास्त वेळ अडवून ठेवेल. सेक्टरवर वेळेची न्याय्य वाटणी नसेल तर एक हप्ता मिळवण्यासाठी उरलेल्या नव्व्याण्णवांना दुखावण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. त्यात साध्या वायफायच्या रीतीनं चालणारा सेक्टर असेल तर आणखी बरं: दोन ग्राहकांना एकमेकांचा आवाज ऐकू येत नाही, दोघे एकदम बोलतात, दोघांचंही वाया जातं. टीडीएमएनं प्रत्येकाला पाळी ठरवून देता येते, पण शिस्त लावली की रंगत जाते.

प्रत्येक ग्राहकाचा वेग बांधताना राउटरमध्ये थांबलेल्या पॅकेटांची (डेटाच्या तुकड्यांची) रांग लांबलचक ठेवा, म्हणजे एकही पॅकेट फुकट जाणार नाही. मग घरातल्या एका फोननं फोटो वर चढवायला घेतले की पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ) २० मिलिसेकंदांवरून २ सेकंदांवर जाईल आणि व्हिडिओ कॉलमधली माणसं पुतळे होतील. एफक्यू-कोडेल किंवा केक या रांगा आवरणाऱ्या पद्धती लावून, वेग लिंकच्या खऱ्या क्षमतेच्या थोडा खाली बांधला, तर हे टळतं. शिवाय दोन्ही फुकट मिळतात. फुकटच्या वस्तूंवर विश्वास ठेवू नये.

नेटवर्कची रचना साधी ठेवा: सगळे टॉवर, सगळे ग्राहक एकाच ब्रिजमध्ये, म्हणजे मध्ये भिंत नसलेल्या एका सामाईक जाळ्यात. एक दिवस कुणीतरी तुमची केबल आपल्या राउटरच्या वॅन (बाहेरच्या) पोर्टऐवजी लॅन (घरातल्या) पोर्टमध्ये घालील आणि त्याचा राउटर अख्ख्या वस्तीला १९२.१६८ चे आपले घरगुती आयपी पत्ते (नेटवर्कवरचे यंत्रांचे क्रमांक) वाटू लागेल. वस्तीत निम्म्यांचं नेट बंद, निम्म्यांचं चालू, आणि रीस्टार्ट केला की चालूवाला बंद. ग्राहकाच्या छपरावरचा रेडिओच राउटर मोडमध्ये ठेवला, किंवा ग्राहक एकमेकांपासून वेगळे केले, तर ही बारभाई बंद होते.

पत्ते निवडताना लक्षात राहतील असे घ्या, मग ते दुसऱ्याचे का असेनात. १.१.१.१ हा अनेकांनी स्वतःच्या लॉगिन पानासाठी वापरला होता. १ एप्रिल २०१८ ला त्याच पत्त्यावर सार्वजनिक डीएनएस सेवा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी) जाहीर झाली आणि त्यांच्या ग्राहकांना ती दिसेना. सामाईक नॅटसाठी (अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवण्यासाठी) १००.६४.०.० पासूनचा मोठा पट्टा २०१२ पासून खास राखून ठेवलेला आहे, त्यामुळे तो घेण्यात काही थरार नाही. त्या नॅटमागे एका सार्वजनिक पत्त्यावर २०० ग्राहक बसवा, प्रत्येकाच्या वाट्याला सव्वातीनशेच्या आसपास पोर्ट (इथे केबलचे नव्हेत, एकेका जोडणीचे क्रमांक) येतील. वेळ आणि पोर्टची नोंद ठेवू नका, म्हणजे कधी कुणी चौकशीला आलं की २०० जणांची नावं एकदम देता येतील. आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी, खूप मोठी पद्धत) दिलं तर नॅटवरचं ओझं बरंच उतरतं, पण ते शिकावं लागतं.

सुरक्षेसाठी आयसीएमपी (नेटवर्कमधल्या यंत्रांचे एकमेकांना जाणारे निरोप) सरसकट अडवा. पीपीपीओईमुळे (ग्राहकाला लॉगिननं जोडण्याच्या पद्धतीमुळे) पॅकेटची मर्यादा १५०० बाइटवरून १४९२ वर येते. ‘पॅकेट मोठं आहे’ हा निरोप आयसीएमपीतूनच येतो आणि तो तुम्ही अडवलेला असतो. काही संकेतस्थळं धडाधड उघडतील, काही कोरं पान दाखवत बसतील. एमएसएस (पॅकेटमधल्या मजकुराची कमाल लांबी) १४५२ वर बांधणारी एक ओळ राउटरमध्ये घातली की प्रश्न मिटतो, पण मग ‘त्या साइटचाच प्रॉब्लेम आहे’ हे हुकमी उत्तर वापरायला मिळत नाही.

वरून येणाऱ्या, म्हणजे तुम्हालाच इंटरनेट पुरवणाऱ्या, दोन लाइन जरूर घ्या, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. दोन्हींची फायबर एकाच खांबावरून येते का, हे मात्र विचारू नका.

फर्मवेअर (रेडिओच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करण्याचं वेळापत्रक सुट्टीच्या आदल्या रात्रीचं ठेवा आणि आधी जवळचा रेडिओ अपडेट करा. तो नव्या आवृत्तीत जाऊन पलीकडच्याशी बोलेनासा झाला की दूरच्या टॉवरवर चढायचा योग येतो. दूरचा आधी आणि जवळचा नंतर केला, तर निदान बिघडलेल्या दोघांपैकी एक तरी हाताशी राहतो, हा क्रम नवख्यांना कोणी सांगू नये. किंवा अपडेटच करू नका. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरमधली, विनबॉक्स या व्यवस्थापनाच्या साधनातली भेग एप्रिल २०१८ मध्ये बुजवली गेली, तरी त्यानंतर महिन्यांनी लाखांच्या घरातले राउटर चोरून आभासी चलन काढण्याच्या कामाला जुंपले गेले होते. त्यांचे मालक तुमच्याच विचाराचे होते. पासवर्ड कारखान्याचाच ठेवा आणि व्यवस्थापनाचं पान सगळ्या जगाला उघडं.

देखरेखीची यंत्रणा बसवू नका. प्रत्येक रेडिओचा सिग्नल, पोर्टचा वेग, बॅटरीचं व्होल्टेज यांचे आलेख काढणारी फुकट सॉफ्टवेअर आहेत, पण ग्राहकांच्या फोनइतकी तत्पर एकही नाही. फोन आला की राउटर बंद करून चालू करायला सांगा. तरी नाही चाललं तर त्याचा राउटर कपाटात ठेवला आहे का हे चुकूनही विचारू नका. निम्म्या तक्रारी तिथेच मिटल्या तर दिवसभर करायचं काय? केबल लावून एकदा मोजून बघा, असंही सुचवू नका, नाहीतर दोष वायफायचा की लिंकचा हे दोन मिनिटांत कळेल.

कुठल्या पोर्टला कोण, कुठल्या टॉवरवर कोणतं चॅनेल, कोणता रेडिओ कधी बदलला, हे सगळं डोक्यात ठेवा. कॉन्फिगरेशनचा बॅकअप घेतलाच तर तो त्याच राउटरवर साठवा. हाताखाली मुलगा ठेवलात तर त्याला टॉवरवर चढायचं शिकवा, हार्नेसशिवाय नव्हे एवढं तरी खरंच पाळा, आणि लॉगिन मात्र देऊ नका. तो वर पोहोचला की तुम्ही खालून फोनवर पासवर्डचं एकेक अक्षर सांगत चला, मोठी लिपी, छोटी लिपी, मध्ये टिंब.